लिंबोणीच्या मोहिमेची हकीकत

श्री क्षेत्रपाल प्रसन्न। बांधाच्या अलीकडील आणि पलीकडील, उभय दैवते संतुष्ट असोत। शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी वर्तमान जाहले ते ऐसे. दोन गुंठ्यांचे एक राज्य होते. त्यावर अनंतराव किरपेकर नांदत होते आणि उषाबाई राज्य करीत होत्या. राज्याचे भूषण म्हणजे एक लिंबोणी, उषाबाईंनी रोपापासून वाढविलेली, बारमाही फळणारी. पलीकडे दामोदरराव भुस्कुटे यांची दौलत. त्यांचे किरपेकरांशी वैर, कारण उभयतांस आठवत नव्हते, तरी वैर चालू होते. मग किरपेकरांची स्वारी लग्नास परगावी गेली आणि भुस्कुट्यांनी तारेचे कुंपण हातभर पुढे सरकविले (हातभर हा अदमास, तेव्हा टेप कोणी लाविला नव्हता) आणि लिंबोणी परमुलखात गेली. उषाबाई परतोन लिंबे तोडावयास गेल्या, तो तारेपलीकडून भुस्कुटे वदले, "वहिनी, आमच्या झाडाला हात लावू नका. पावसाळ्याआधी ते तोडून इथं गाडीची शेड घालणार आहे."

मग किरपेकरांचे स्वयंपाकघरात मसलत बसली आणि उषाबाईंचे बंधू रमाकांत, वृत्तीने सरदार, म्हणाले, "ताई, पक्कड दे. आत्ता तार कापून येतो." तेव्हा वकील सुलभाताई मोघे म्हणाल्या, "कापा. मग फिर्याद ते करतील आणि आरोपी तुम्ही. आधी झाड तोडू नये म्हणून नोटीस देऊ, आणि सरकारी मोजणी मागू. हद्द ठरली आणि जुळलं, तर समजुतीनं लिहून घेऊ. नाही जुळलं तर दिवाणी दावा आणि मनाई हुकूम."

"दावा किती चालतो?" अनंतरावांनी पुसले.

"लिंबोणीचं आयुष्य किती असतं?" सुलभाताईंनी उलट पुसले, आणि अनंतरावांनी झाडाची नोटीस धाडोन मोजणीचा अर्ज केला.

मग मोजणीदार भालेराव यंत्रासह दाखल जाहले. भुस्कुट्यांस मोजणीची रीतसर नोटीस पोहोचली होती, परंतु आपण गैरहजर राहिलो की मोजणी रद्द, ऐसा त्यांचा पक्का ग्रह. म्हणोन ते दार लावून बसले आणि उकाड्यामुळे खिडकी उघडी ठेविली.

"भुस्कुटे हजर आहेत का?" भालेरावांनी पुकारिले.

"नाहीत," खिडकीतून उत्तर आले.

भालेरावांनी तैसे लिहून घेतले आणि मोजणी आरंभिली, कारण नोटीस पोहोचल्यावर कोणाच्या रुसण्याने मोजणी थांबत नाही. आणि खुंटी रोविली ती कुंपणाच्या हातभर पलीकडे, भुस्कुट्यांचे अंगणात, आणि लिंबोणी वीतभर किरपेकरांच्या हद्दीत आली. मग खिडकी कडाडली, "साफ चूक. खुंटी दोन बोटं तिकडं पाहिजे."

"गैरहजर माणसाची हरकत घेता येत नाही, काका," भालेराव वदले. "बाहेर या, सही करा, मग बोला."

मग भुस्कुटे बनियनवरच रणात उतरले, हजेरीची सही केली आणि खुंटीपाशी दोन बोटे आडवी धरून बसले. "इथं. याच्यापुढं सुईभर सोडणार नाही."

"एक बोटही द्यायचं नाही, ताई," रमाकांत गुरगुरले.

"गप रे. झाड कुणीकडं राहतंय ते बघ," उषाबाई म्हणाल्या.

तत्क्षणी सुलभाताईंनी कागद पुढे केला. "दोन बोटं आम्हाला कबूल. हीच हद्द दोघांना मान्य, असं लिहून सह्या करू." भुस्कुट्यांनी ऐटीत सही ठोकली आणि विजयाच्या भरात स्वखर्चाने कुंपण उपटून नव्या हद्दीवर नेले. मग पेढे वाटिले आणि एक पुडा किरपेकरांकडेही धाडिला. "वहिनी, हरलात. तोंड गोड करा."

"तुमच्यापुढं कोण टिकणार, भाऊजी," उषाबाई लिंबे तोडता तोडता म्हणाल्या.

एवं मोहीम समाप्त. किरपेकरांस झाड मिळाले, भुस्कुट्यांस जय मिळाला, दावा दाखल करावा लागला नाही. जिंकलेल्या दोन बोटांत काय लावावे, या विचारात भुस्कुटे सांप्रत आहेत.