किल्ल्यावरून तकरार

शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, अधिक ज्येष्ठ मास, ते समयी इंद्रप्रस्थी आणि यमुनापार नोएडा प्रांती जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहावी, पाहिले ते पाहिले आणि ऐकिले ते ऐकिले म्हणोन नोंदावे, पदरचे तिखटमीठ घालू नये, ऐसा नेम करून हा मजकूर सिद्ध केला. कारण की तोफातलवारींच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु नोकरी लागण्याआधी उमेदवाराच्या पाठीमागे जी लढाई होते, आणि जिच्यात ज्याच्यावर वार पडतो तोच गैरहजर असतो, तिची दखल आजवर कोणी घेतली नाही.

सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टरांच्या ओळीत राजश्री श्रीरंगराव पोतनीस, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातील सेक्शन ऑफिसर, उभी हयात मुक्काम करून होते. त्यांस कन्या एक, उल्काबाई. शिक्षण एम.कॉम., हिशेबास चोख, स्वभाव शांत, परंतु अन्याय दिसला की कागद पुढे ओढून लिहावयास बसावे ही खोड जन्माची. श्रीरंगरावांची निवृत्ती येत्या आश्विनात नेमलेली, आणि निवृत्तीमागून क्वार्टर सरकारात परत करणे प्राप्त, सबब पुढील बिऱ्हाडाची सारी भिस्त उल्काबाईंच्या नोकरीवर.

ही नोकरी पूर्वी ओखल्यास पंखे विकणाऱ्या एका कंपनीत होती. तेथील अकाउंट्स खात्याचे मनसबदार गुलाटी साहेब. त्यांच्या चिरंजीवांस शाळेतून उन्हाळी सुटीचा गृहपाठ आला, ज्यास या मुलखी हॉलिडे होमवर्क म्हणतात आणि जो मुलांस लागतो परंतु आईबापांस बाधतो. हुकूम ऐसा होता की लाल किल्ला थर्माकोलचा करून आणावा. साहेबांनी तो हुकूम जैसाचा तैसा खात्यावर फिरविला. मग दोघांकडे लाहोरी दरवाजा दिला, तिघांकडे बुरूज दिले, आणि उल्काबाईंकडे दिवाण-ए-आमच्या कमानी आल्या. बाईंनी उजर केला की माझ्यापुढे तिमाहीचे हिशेब पडले आहेत. तेव्हा साहेब भर कचेरीत हसून वदले, "अरे मैडम, आप मराठे लोग तो क़िलों के एक्सपर्ट हो यार! आप नहीं काटोगे तो कौन काटेगा?" आणि सारी कचेरी हसली. बाईंनी कमानी कापल्या आणि अखेरच्या कमानीस कटर बोटात शिरला. मग बाईंनी बोटास पट्टी बांधली, कागद पुढे ओढला आणि लेखी तक्रार गुजरली.

कंपनीने चौकशी कमिटी बसविली. कमिटीने समोसे मागविले, किल्ला चहूबाजूंनी पाहिला आणि निवाडा दिला. तो निवाडा काय होता ते योग्य स्थळी येईल. तो ऐकून बाईंनी दुसरा कागद ओढला, राजीनामा लिहिला आणि ओखला सोडिले.

पुढे ईश्वरकृपेने नोएडा सेक्टर सोळा येथे पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्या कंपनीत बाईंची निवड जाहली. सोमवारी रुजू व्हावे ऐसा करार. परंतु शेवटास एक कलम होते, की बॅकग्राउंड चेक साफ निघावा. म्हणजे काय, तर तिसरीच एक कंपनी पूर्वीच्या कचेरीत फोन लावून विचारते की या इसमावर कधी काही आरोप होता काय, आणि जे उत्तर येईल ते लिहून घेते. आरोप कोणी केला, कोणावर केला, खरा की खोटा, ही बारकाई तिच्या दप्तरी नसते. बाईंनी साक्षीदार म्हणोन बळवंतराव शेडगे यांचे नाव दिले.

बळवंतराव हे निवृत्त सुभेदार, गाव सातारा प्रांती, हयात दिल्लीच्या छावणीत गेली, आणि हल्ली ओखल्याच्या त्याच कचेरीत व्यवस्था पाहत. दिलाचे सच्चे, खोटे एक अक्षर बोलणार नाहीत. हिंदी बोलत ती मात्र ऐसी की घोडा हिंदुस्थानी आणि लगाम मराठी. त्यांस शुक्रवारी फोन आला आणि येणेप्रमाणे बोलणे जाहले.

"नमस्कार जी, वेरिफिकेशन से बोल रहा हूँ. उल्का पोतनीस के बारे में कोई एलिगेशन वगैरह?"

"छे छे! एकदम गुणी लड़की है जी. फक्त उसकी एक तकरार थी. साहब के ऊपर."

"अच्छा? तकरार? किस बात पे?"

"किल्ले के ऊपर से."

"क़िले के ऊपर से?"

"बिल्कुल! लाल किल्ले के ऊपर से. सगळे स्टाफ ने देखा. फिर कमेटी बैठी, मगर उसको कुछ शिक्षा नहीं हुई. बाद में उसने खुद होके राजीनामा दिया."

"ओहो, राज़ीनामा हो गया. चलो, अच्छा है जी."

बळवंतरावांनी फोन ठेविला आणि पोरीचे कल्याण केले या समाधानाने चहा मागविला.

शनिवारी सकाळी नोएडाहून खलिता आला, आणि उल्काबाईंनी तो क्वार्टरच्या ओट्यावर उभ्याने वाचिला. मजकूर इंग्रजी, तात्पर्य ऐसे: उमेदवार बाईंची वरिष्ठांशी हाणामारी, स्थळ लाल किल्ल्याचा माथा, साक्षीदार संपूर्ण स्टाफ. मागाहून आपसात समझोता. शिक्षण झालेले नाही, सबब पदवी संशयित. शेरा लाल. आजच समक्ष येऊन खुलासा करावा, नपेक्षा निवड रद्द समजावी.

मग घरात मसलत बसली. मातुःश्री वासंतीबाईंनी प्रथम विचारिले, "अगं, तू लाल किल्ल्यावर चढलीस कधी? आपण तर पाहुण्यांनासुद्धा बाहेरूनच दाखवतो!" श्रीरंगरावांनी चष्मा लावून खलिता दोनदा वाचिला, आणि मग बळवंतरावांस फोन लावून तो सर्वांस ऐकू येईल ऐसा मेजावर ठेविला.

"बळवंतकाका, त्यांना काय सांगितलंत तुम्ही?" उल्काबाईंनी पुसिले.

"जे खरं तेच, पोरी. तुझी तक्रार होती, किल्ल्यावरनं. शिक्षा काय झाली न्हाई. आपणहून राजीनामा दिलास."

श्रीरंगरावांनी कपाळास हात लाविला. "बळवंतराव, इकडे तकरार म्हणजे भांडण हो. राजीनामा म्हणजे ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवून करतात तो समझोता. आणि शिक्षा म्हणजे शिक्षण!"

"मग ह्यांच्यात शिक्षेला काय म्हणत्यात?"

"सज़ा."

पलीकडून आवाज आला, "आयला! म्हंजे पोरीला मी अडाणी ठरवली व्हय? थांबा, आत्ता फोन लावून समदा गैरसमज काढतो."

"नको!" ऐसा तिघांच्या मुखातून एकच उद्गार निघाला.

यावरी श्रीरंगरावांनी आपल्या साऱ्या नोकरीचा अनुभव पणास लावून आज्ञा केली की, पदवीचे प्रमाणपत्र घेऊन जावे, किल्ला पाहण्यास गेलो होतो ऐसे सांगावे, आणि भांडण म्हणत असतील तर भांडणच म्हणू द्यावे. उल्काबाई म्हणाल्या, "पण बाबा, भांडण मी केलंच नाही. मी तक्रार केली." त्यावर राव उत्तरले, "म्हणूनच सांगतोय. भांडलेला माणूस चालतो गं, संध्याकाळी चहाला परत बोलावतात. लेखी तक्रार करणारा कुणालाच नको असतो. क्वार्टर जायचंय, विसरू नकोस."

प्रमाणपत्र प्लास्टिकच्या थैलीत घालून उल्काबाईंची स्वारी कूच जाहली. रिक्षाने आयएनए गाठले, मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने राजीव चौक घेतला, तेथे गर्दीचा मारा सोसून निळ्या मार्गावर उडी टाकिली, आणि यमुना ओलांडिली तेव्हा खाली नदीत पाणी थोडे आणि फेस फार ऐसे दिसले. बाई मनात घोकीत होत्या: घूमने गई थी, बस घूमने गई थी. तीनच शब्द होते. तेवढ्यावर बिऱ्हाड उभे राहणार होते.

सेक्टर सोळा येथे मनुष्यबळ खात्याच्या मुखत्यार मेहरोत्रा मॅडम. दालन थंडगार, वागणे गोड. पदवीचा कागद पाहून त्यांनी तो आरोप जागीच खारीज केला. मग फर्माविले की, झगड्याचे आम्हांस काही नाही. "दिल्ली में किसका नहीं होता यार? और आपने तो राज़ीनामा भी कर लिया. मतलब एडजस्टिंग नेचर है. हमें तो ऐसे ही लोग चाहिए." आणि कलम हाती घेऊन पुसिले, "बस ये बता दीजिए, आप क़िले के ऊपर कर क्या रही थीं?"

आता तीन शब्द बोलावयाचे आणि फत्ते करावयाची. बाईंनी तोंड उघडिले. इतक्यात डावीकडून कर्र, कर्र ऐसा एक आवाज आला, आणि तो आवाज बाईंच्या बोटाने कानाआधी ओळखिला. मान वळवून पाहतात तो खिडकीपाशी दोन नवशिके कारकून गुडघ्यांवर बसलेले, केसांत पांढरे कण, हाती कटर, आणि मध्ये कमरेइतका उंच, अर्धा रंगविलेला, थर्माकोलचा कुतुबमिनार.

"बेटी का हॉलिडे होमवर्क," मॅडम कौतुकाने वदल्या. "आप तो मराठी हो ना? आपका हाथ अच्छा होगा इसमें."

बाईंस सोमवार डोळ्यांपुढे दिसला, आणि त्यापुढील साऱ्या उन्हाळ्यांतील साऱ्या इमारती ओळीने दिसल्या. आश्विनही दिसला. सरोजिनी नगरच्या ओट्यावर बांधलेले सामान दिसले. मग बाईंनी थैली मांडीवर सरळ केली आणि स्वच्छ हिंदीत जबानी दिली.

"क़िले के ऊपर कोई नहीं था, मैडम. क़िला थर्माकोल का था. साहब के बेटे का. मेरी तकरार नहीं हुई, मैंने शिकायत की थी. और राज़ीनामा नहीं, इस्तीफ़ा दिया था."

कर्र कर्र थांबले.

"शिकायत?" मॅडमचा आवाज उतरला. "लिखित में?"

"जी. लिखित में."

"कमेटी बैठी थी?"

"बैठी थी."

"क्या कहा कमेटी ने?"

"कमेटी ने कहा, क़िला अच्छा बना है."

दोघां कारकुनांपैकी एकास खोकल्याची उबळ आली, ती आवरेना. मॅडमनी मिनाराकडे पाहिले, मग उल्काबाईंच्या बोटावरील वणाकडे पाहिले, मग बंद दाराकडे पाहिले. कारण निवड रद्द करावी तर कारण लिहिणे प्राप्त, आणि कारण लिहावे तर समोरची बाई कागद ओढणारी. शेवटी मॅडमनी कारकुनांस आज्ञा केली, "अरे, हटाओ इसको यहाँ से. मेरी गाड़ी में रखवा दो. घर पे कर लेंगे." आणि बाईंकडे झुकून हळू बोलल्या, "देखिए उल्का जी, मैं रिपोर्ट में तकरार ही रहने देती हूँ. शिकायत लिख दूँगी ना, तो ऊपर वाले आपको कभी नहीं लेंगे. झगड़े वाली चल जाएगी. ठीक है?"

उल्काबाईंनी मिनार दाराबाहेर जाताना पाहिला. तो चौकटीत अडकला, तिरका करावा लागला, आणि मग गेला. तेव्हा बाई म्हणाल्या, "ठीक है."

येणेप्रमाणे त्या शनिवारी, ऊन कलता, नोएडा प्रांती फत्ते जाहली. लाल शेरा उतरून हिरवा चढला. कुतुबमिनार मुक्त जाहला. दोन कारकून पाडाव होते ते सुटून आपल्या मेजांवर गेले. पदवी शाबूत राहिली. आणि हेही नोंदविणे अवश्य की, बळवंतराव जे बोलले ते अखेरीस खोटे पडले नाही, कारण उल्काबाईंनी मराठीत राजीनामा देऊन एक नोकरी सोडिली आणि हिंदीत राजीनामा करून दुसरी धरिली. श्रीरंगरावांस हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि इतकेच म्हटले, "बघ, चहाला बोलावलं की नाही?"

सोमवारी बाई रुजू जाहल्या. बॅकग्राउंड चेकचा मजकूर गुप्त असतो, सबब तो तत्पूर्वीच साऱ्या कचेरीस पाठ होता. लाल किल्ल्याच्या माथ्यावर चढून, संपूर्ण स्टाफादेखत साहेबास ज्यांनी लोळविले त्या याच, ऐसे लोक जेवणाच्या सुटीत एकमेकांस दुरून दाखवीत. बाई कोणास काही सांगावयास गेल्या नाहीत. आषाढ लागेतो त्या कचेरीत मुलांचे हॉलिडे होमवर्क बहुत आले, आणि एक हवामहल व एक इंडिया गेट सिद्धीस गेले. परंतु थर्माकोल घेऊन उल्काबाईंच्या मेजाकडे यावे, ऐसी छाती कोणाची जाहली नाही.