गजलक्ष्मी गाडीची चारही चाके फिरविल्याची हकीकत

श्रीहरी समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण वद्य नवमी, ते दिवशी मौजे बोरखडी, परगणे वसमत, येथील राजश्री सोनाजीराव यांनी आपली जुनी गाडी गजलक्ष्मी इजला नवी वीज आणि चार चाकांचे बळ देवोन पांदणीचा चिखल जिंकिला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. यात पदरचे काही घातले असल्यास लिहिणाराचे हातचा टाळ भर कीर्तनात बेताल होवो. ऐकणारांनी चित्त द्यावे.

पेशजीचे वर्तमान ऐसे जे, बोरखडीचे सप्ताहास काल्याच्या कीर्तनाचे महाराज हट्ट्याहून घेऊन येणे हा मान सोनाजीरावांचे घराण्याचा. आज्यांनी दमणीत आणिले, वडिलांनी फटफटीवर आणिले, आणि सोनाजीरावांनी आठ वर्षांमागे हिंगोलीच्या एका ठेकेदाराकडोन गजलक्ष्मी घेतली तेव्हापासोन गाडीत. मान जोडप्याचा, सबब धन्याने गाडी हाकावी आणि सौभाग्यवती आशाबाईंनी महाराजांस औक्षण करून, दहीपोह्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसावे, हा शिरस्ता. गजलक्ष्मी वीस वर्षांची, अंगाने हत्तीण, आवाजाने पिठाची गिरणी. डांबरीवर तिजसमोर वसमतची बसही अदबीने बाजूस होई. परंतु डांबरी सुटोन बोरखडीची पांदण लागली की काळी माती, श्रावणात लोण्याहून निसरडी आणि मुक्कामी जावयाहून चिकट, तेथे तिची मागची दोन चाके जागीच गरगरत आणि पुढची दोन तमाशा पाहत.

गेले साली गाडी ऐन बाभळीच्या वळणावर रुतली. मग गावातील लिंबाजी, ज्याचे दारी लाल ट्रॅक्टर झुलतो, त्याची कुमक आली आणि महाराज दहाचे ऐवजी दीड वाजता पारावर पोहोचले. तोवर काल्याचे दही आंबले होते, आणि निम्मे टाळकरी जेवोन आडवे जाहले होते. लिंबाजी भरसभेत बोलता जाहला, "सोनाजी, तुही गाडी म्हंजे रुसलेली नवरी. चार माणसांनी ढकलल्याबिगर सासरी येतच न्हाई!" सभा हसली. आणि हसता हसता ठराव जाहला की, औंदा काल्याचे दिवशी दहाचे ठोक्यास महाराज पारावर न दिसल्यास हा मान लिंबाजीचे ट्रॅक्टरकडे जाईल, आणि पुढे त्याचेच वंशाकडे चालेल.

हे ऐकिल्यापासोन सोनाजीरावांस अन्न गोड लागेना. ज्यांनी हा मान चालविला त्या आज्यांचा टाळ देवघरात खुंटीस होता, त्याकडे नजर वर करोन पाहवेना.

मग सप्ताह लागताच मसलत केली आणि जवळा बाजारचे जळबा मिस्तरी यांस पाचारण केले. हे जळबा पंपाच्या स्टार्टरात धन्वंतरी, मांडवाच्या भोंग्यात गंधर्व, आणि गाड्यांच्या तारांत अंदाजे. ते गजलक्ष्मीचे पोटाखाली शिरले, अर्धी घटका गुप्त जाहले, आणि तोंडास ग्रीस माखोन बाहेर आले ते हर्षे बोलिले, "मालक, हिच्या पोटात चारी चाकांचा सरंजाम जसाचा तसा हाये! फकस्त वरची फिरवायची कळ न्हाई. हुकूम देणाराच न्हाई, मंग फौज झोपली तर काय नवल?"

कळ कोठे गेली याचा शोध करिता महान रहस्य उघडकीस आले. कळीची जागा गाडीचे पुढले फळीवर मधोमध. पूर्वीचे ठेकेदाराने मोडकी कळ काढिली आणि ते भोक झाकावयास त्यावर पितळी पांडुरंग गोंदाने बसविला. सोनाजीराव आठ वर्षे नित्य पहाटे ज्यास हळदकुंकू लावीत आणि उदबत्ती ओवाळीत, तो देव भोकावर उभा होता.

आता देव हलवावा की मान घालवावा, ऐसा पेच पडिला. जळबांनी वहाणा उतरविल्या, हात जोडिले आणि निर्वाणीचे सांगितले की, सप्ताहात देव उठविणे माझ्या हातोन होणार नाही, पान्हे परत पेटीत जातील. आशाबाई दारातोन बोलिल्या, "आठ वर्सं पुजलेला देव कळीपायी उठवायचा काहून? मान गेला तर जाऊ द्या." सोनाजीरावांनी देवाकडे पाहिले. देव कमरेवर हात ठेवोन उभा. उठावयाची त्याची काही तयारी दिसेना.

मग कळीस दुसरी जागा पाहू लागले. डावे बाजूस लावावी तर तेथे महाराजांचे गुडघे येणार, बेअदबी होईल. उजवे बाजूस लावावी तर ती जागा काचांच्या नव्या विजेच्या बटणांस आधीच नेमिली होती. अखेर धन्याचे पाठीमागे, मागले आसनाचे हाताशी, तार लांबवोन कळ बसवावी ऐसे ठरले. म्हणजे गाडी हाकावी सोनाजीरावांनी, आणि चार चाकांचा कारभार आशाबाईंचे हाती. सोनाजीरावांस हा तह कडू लागला. परंतु लिंबाजीचे हास्य त्याहून कडू, सबब मान्य केला.

मग नांदेडचे भंगार बाजारातोन कळ आणि तिची मोटर आणविली आणि चार दिवस गोठ्यात वेढा दिला. तारा लाल, तारा पिवळ्या, तारा ज्यांचा रंग शेणाने ठरविला. काचा विजेवर केल्या, धुक्याचे दिवे लाविले, दारांस एकत्र कुलूप दिले, आणि मागे जाताना वाजावयाची आरती लाविली. तिचा लहान भोंगा जवळा बाजारात मिळेना, म्हणोन जळबांनी मांडवाचाच मोठा भोंगा टपावर चढविला.

पहिली परीक्षा घेतली तो अनर्थ जाहला. उजवीकडे वळावयाचा इशारा दिला तो चारही काचा खाली पडल्या. आणि ब्रेक दाबिला तो दारे लागोन जळबा आत, किल्ली आत, आणि सोनाजीराव बाहेर. जळबा काचेवाटे सोडविले गेले. पुनः तारा सोडिल्या, पुनः बांधिल्या, आणि सर्व बंडाळी मोडिली. एकच बंडखोर राहिला. कळीस तीन घरे : पहिले दोन चाकांचे, दुसरे चारांचे, तिसरे चारांच्या संथ जोराचे. तिसरे घरी कळ गेली की मागे जावयाची आरती आपोआप वाजू लागे, आणि कळ तेथोन हलेपर्यंत थांबेना. ती दुरुस्त करावी तर सर्व पुनः खोलावे लागेल, आणि काला उद्यावर. सोनाजीरावांनी हुकूम केला, "वाजून राहिली तर वाजू द्या. देवाचंच नाव हाये."

मग जळबांनी रीत समजाविली की, तिसरे घर लावण्याआधी गाडी ठार उभी करावी, क्लच पुरता दाबावा, मगच कळ फिरवावी. सोनाजीराव तेव्हा धुक्याचे दिवे लावोन विझवोन पाहत होते. आशाबाईंनी ऐकिले.

काल्याचे प्रातःकाळी खासा स्वारी हट्ट्यास गेली, आशाबाईंनी औक्षण केले, आणि ह.भ.प. भागवत महाराज, वजन भारी, आवाज त्याहून भारी, डावे आसनावर विराजमान होवोन गजलक्ष्मी कूच करिती जाहली. साडेनवास पांदण लागली. आशाबाईंनी कळ दुसरे घरी दिली, चारही चाके जागी जाहली, आणि अर्धी पांदण फत्ते केली. सोनाजीरावांची मान उंच जाहली. तोच बाभळीचे वळण आले, आणि गाडी पोटापर्यंत खचली.

घड्याळात दहास बारा मिनिटे उणी. सोनाजीरावांनी इंजिन तापविले, चिखल उडोन महाराजांची काच काळी जाहली, आणि गाडी आणीक वीतभर खाली गेली.

"आगं फिरव ना तिसऱ्या घरात!"

"आधी गाडी उभी करा."

"उभीच हाये! रुतलीय म्हणल्यावर उभीच की!"

"चाकं पळून राहिलीत अजून. अन् क्लच?"

"दाबलाय म्हंतो ना!"

"न्हाई दाबला. इंजन वरडून राहिलं, मला ऐकू येतंय. तुमी दाबल्याबिगर मी हात लावायची न्हाई."

सोनाजीराव वळोन काही बोलणार, तो महाराजांनी डोळे न उघडता आज्ञा केली, "सोनाजी, माय काय म्हणते ते ऐका. मी आयुष्यभर सांगून राहिलो, पहिलं स्थिर व्हा म्हणून."

पुढे फळीवर देव कमरेवर हात ठेवोन उभा होता. सोनाजीरावांनी त्याजकडे पाहिले, पाय एक्सलेटरवरोन उचलिला आणि क्लच तळास नेला. गाडी शांत जाहली. आशाबाईंनी डबा सावरिला, कळ तिसरे घरी दिली, गाडीचे पोटात कोठे खट्ट ऐसा आवाज जाहला आणि टपावरील भोंग्यातोन आरती कडाडली. गजलक्ष्मी अंग झाडोन, म्हशीच्या संथपणे, चिखलातोन वर आली. सोनाजीराव म्हणाले आता आरती बंद कर. आशाबाईंनी सांगितले की, पार दिसेपर्यंत कळ हलणार नाही.

इकडे पारावर लिंबाजी नवा फेटा बांधोन, घड्याळावर नजर देवोन उभा. दहास तीन मिनिटे उणी असता पांदणीकडोन आरतीचा गजर कानी आला. आता आरती कोठूनही येवो, ती कानी पडली असता बसणे नाही, बोलणे नाही, हा बोरखडीचा कायदा. सबंध सभा उठली, टाळकऱ्यांनी टाळ उचलिले, बायकांनी पदर सावरिले. लिंबाजीने ठराव बोलावयास तोंड उघडिले होते, ते त्याच तोंडाने तो आरती म्हणू लागला आणि टाळ्या वाजवू लागला.

दहा वाजले. ठोका कोणास ऐकू आला नाही. दहा वाजोन सात मिनिटांनी गजलक्ष्मी, काळ्या मातीने माखलेली, गजर करीत पाराशी आली. चारशे माणसे हात जोडोन उभी, त्यांत लिंबाजीही. महाराज उतरले, आशाबाईंनी कळ फिरविली, आरती थांबली.

मग वेळेचा वाद निघाला आणि सर्वांनी लिंबाजीकडे पाहिले. त्याने फेटा काढोन घाम पुशिला आणि निवाडा दिला, "आरती दहाच्या आत सुरू झाली, मी सोता टाळ्या वाजवल्या. आता देवाम्होरं खोटं कसं बोलू? मान सोनाजीचाच." आणि काही वेळाने हळूच म्हणाला, "पर वयनी, ते भोंग्याचं माह्या ट्रॅक्टरला बसंल का?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काल्याचे दही गोड निघाले. महाराजांनी व्यासपीठावरोन सनद दिली ती कलमबंद केली ऐसी : महाराज आणण्याचा मान सोनाजीरावांचे घराण्याकडे वंशपरंपरा चालावा. गाडी त्यांनी हाकावी. चार चाकांचा कारभार सौभाग्यवती आशाबाईंकडे, आणि त्यांनी थांबा म्हटले असता थांबावे.

त्याच दिवशी सांजवेळी सोनाजीरावांनी खुंटीवरचा टाळ काढोन, पुसोन, आशाबाईंचे हाती दिला. फळीवरील देव होता तेथेच आहे.