शिंपीणबाईंचं स्टूल

“कोण पाय मारतंय? म्हैस नाचतेय का!” भिंतीपलीकडून सासरे पुटपुटले.

भिंत कसली, प्लायवुडचा आडोसा. अलीकडे त्यांच्या पायाच्या लेथवर मी, पलीकडे खाटेवर ते. चाळीस वर्षं ही फळी पायाने दाबून त्यांनी लाकूड फिरवलं, कातलं. चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवा पाय रुसला. “जरा बरं वाटलं की बसतील,” असं सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या. आणि अशात शिंपीणबाईंच्या स्टुलाची ऑर्डर घेऊन मोकळ्या झाल्या!

“बाबा, गंज चढू नये म्हणून फिरवतेय हो!” मी ओरडले.

मला काय अवघड? वीस वर्षं चहा देता देता बघितलंय! रस्त्यावर पडलेल्या झाडाची ओली फांदी उचलून आणली. पटाशी लोण्यातून जावी तशी गेली! चष्म्यावर पाणी, केसांत सालपटं, पोटरीत गोळे. पण तीन पाय कातले, बैठकीच्या जुन्या वाळक्या फळीला भोकं पाडून ठोकून बसवले. हत्ती बसला तरी हलणार नाही!

ओलं लाकूड चालतं का, हे बाबांना विचारावंसं वाटलं होतं. पण विचारायचं कसं? विचारलं म्हणजे, तुम्ही आता बसणार नाही, हे तोंडावर सांगितल्यासारखंच.

शिंपीणबाई उगवल्या तीन आठवड्यांनी. तोवर स्टुलाचे पाय भोकांत वाळून अंग चोरून बसलेले.

“ह्यांनीच केलंय बरं का!” सासूबाई म्हणाल्या.

“त्यांच्या कामात बघायचं काय!” म्हणत बाई ऐसपैस टेकल्या. एक पाय डावीकडे गेला, एक उजवीकडे, तिसरा लेथखाली. बाई जमिनीवर, मांडीत फळी!

“अगं बाई! हात गेला की हो त्यांचा!” बाई खालूनच ओरडल्या.

मी पाय गोळा करत होते, सासूबाई बाईंना. तेवढ्यात आडोसा सरकला. आडोशाची कड धरून बाबा उभे होते.

“हात शाबूत आहे,” ते म्हणाले. “पाय गेलाय. मी आता लेथवर बसणार नाही. स्टूल सुनेनं केलंय, आणि वाळक्या फळीत ओले पाय ठोकलेत बयेनं!”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“रडतेस काय? माझी खुर्ची टाक लेथपाशी, सुनेजवळ. चाळीस वर्षांत माझ्या लाकडाचा एवढा अपमान कुणी केला नव्हता.”