दगडोबा साळिंदराचं नऊ एमएम

एका जंगलात, मुलांनो, पाण्याचा नळ अजून आला नव्हता, पण पिस्तुलांचं दुकान आलं होतं. प्रगती अशीच येते, मधल्या पायऱ्या गाळून.

दुकान खोकडशेठचं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ. अंगानं लहान, जिभेनं थोरला. त्यानं दारावर पाटी लावली : ‘अजून नखांवरच भागवता का?’

झालं! ज्यांचं जन्मभर नखांवर, दातांवर आणि पळण्यावर बरं चाललं होतं, त्यांना एकाएकी नागडं वाटायला लागलं.

त्यातलाच एक दगडोबा साळिंदर. पाठीवर वीतवीतभर काटे. ओढ्यापलीकडच्या बिबट्यानं एकदा त्याच्यावर पंजा टाकून पाहिला होता. नंतर पावसाळा संपेपर्यंत बिबट्या लंगडत होता. तेव्हापासून दगडोबा दिसला की तो मुकाट्यानं वाट बदलायचा.

पण दगडोबाला घोर लागला. बायको आहे, दोन पिल्लं आहेत आणि घरात पिस्तूल नाही!

“अहो, काटे आहेत की,” त्याची बायको साळूबाई म्हणाली.

“काटे माझ्या आजोबांनाही होते,” दगडोबा म्हणाला. “आपण काय तिथंच राहायचं?”

दुकानात आबा रानडुक्कर आणि नाना मुंगूस आधीच ठाण मांडून बसले होते. दोघांनी उभ्या जन्मात एकही गोळी झाडली नव्हती. त्यामुळे दोघांना सगळं माहीत होतं.

“पंचेचाळीस कॅलिबरचं घे,” आबा म्हणाला. “ही एवढी जाड गोळी. लागली की विषय संपला.”

“लागली तर ना!” नाना फिस्कारला. “धक्का असा बसतो की दुसरी गोळी चांदोबाला लागते. आणि आत मावतात सात-आठ. नऊ एमएम घे, दगडोबा. गोळी जरा बारीक, पण पंधरा बसतात.”

“बारीक गोळीनं बिबट्याला गुदगुल्या होतात.”

“तुझ्या जाड गोळीनं झाडांना होतात!”

खोकडशेठ मध्ये पडला. “भांडताय कशाला? बावीसचंही आहे. मुठीत मावतं, धक्का जवळजवळ नाहीच. फक्त आपल्याला गोळी लागली हे बिबट्यानं मनाला लावून घ्यावं लागतं.”

“ऐन वेळी अडकणार नाही असं काही?” दगडोबानं विचारलं.

“रिव्हॉल्व्हर घ्या. सहसा अडकत नाही. पण सहा गोळ्या संपल्या की बिबट्याला ‘जरा बसा हं’ म्हणायचं आणि पुन्हा भरायचं.”

“आखूड नळीचं?”

“लपवायला सोपं, नेम धरायला अवघड. लांब नळीचं नेमाला बरं, पण दिवसभर वागवायचं म्हणजे ओझं.”

बघा मुलांनो, एक गुण विकत घेतला की एक दोष फुकट मिळत होता. असं उदार दुकान मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी दगडोबानं नऊ एमएम पसंत केलं आणि इथं खरी पंचाईत झाली. पिस्तुलाचा पट्टा अंगावर बसेचना. काट्यांवर नुसता तरंगायचा.

“काटे थोडे कमी केले की झालं,” शेठ म्हणाला आणि कात्री काढली. “नाहीतरी आता त्यांचा काय उपयोग?”

दगडोबा घरी आला. साळूबाईनं नवऱ्याची पाठ पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अहो, हे काय करून आलात? बिबट्याला पिस्तुलातलं काय कळतं?”

“कळेल, कळेल! नऊ एमएम आहे.”

“निदान चार गोळ्या झाडून तरी बघा.”

“वेडी आहेस का? उगाच वाया जातील.”

मग एका संध्याकाळी सगळं कुटुंब ओढ्याकाठी मुळं उकरत होतं. बिबट्या पाणी प्यायला आला. साळिंदरं दिसताच सवयीनं वाट बदलायला निघाला. थबकला. त्यानं दगडोबाच्या पाठीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

दगडोबानं पिस्तूल काढलं. म्हणजे काढायला घेतलं. पट्ट्याचं बटण सोडवलं, खटका शोधला, दोन्ही पंजांनी नेम धरला आणि बार काढला. गोळी जांभळाच्या खोडात शिरली. बाकीच्या चौदा जागच्या जागी सुखरूप राहिल्या.

दगडोबा राहिला नाही.

साळूबाईनं पिल्लांना पुढे ढकललं, पाठ फिरवली आणि काटे खळाखळा वाजवले. बिबट्यानं ती पाठ बघितली आणि तोंडातल्या दगडोबासकट वाट बदलली.

दुसऱ्या दिवशी आबा आणि नाना कडू घास घेऊन सांत्वनाला आले. साळूबाईच्या गळ्याखाली घास उतरेना, म्हणून आबानंच तो संपवला.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” तो ढेकर देत म्हणाला, “पंचेचाळीसचं घे.”

“पंचेचाळीसच्या धक्क्यानं बिबट्याच्या आधीच गेला असता,” नाना म्हणाला.

“भावजी,” साळूबाई डोळे पुसत म्हणाली, “काटे कापले म्हणून गेले हो ते!”

आबानं मायेनं मान हलवली.

“दुःखात असं काहीबाही सुचतं, वहिनी. मुद्दा कॅलिबरचा आहे.”

आणि मुलांनो, उभ्या जन्मात पहिल्यांदा नाना आबाला म्हणाला, “अगदी बरोबर बोललास.”

तात्पर्य : धंदा करायचा तर पिस्तुलांचाच करावा. ज्या गिऱ्हाइकाला माल लाभला, ते गावभर सांगत सुटतं. ज्याला लाभला नाही, ते तक्रार घेऊन परत येत नाही.