पूर्वजाने समक्ष हजर राहावे

वंशाच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्यांचे अर्ज फारच तुंबले, तेव्हा समुद्रापलीकडच्या एका देशाच्या वेंगुर्ल्यातल्या कचेरीने मूळ पूर्वजांनाच समक्ष हजर राहण्याच्या नोटिसा पाठवल्या, आणि पूर्वज येऊ लागले.

रोझलिन फर्नांडिस यांचे आजोबा इनास मंगळवारी सकाळी साडेदहाच्या एसटीने आले. १९६१ साली बासष्टाव्या वर्षी ते वारले होते. पण पलीकडच्या देशाच्या दप्तरात त्यांची शेवटची नोंद लग्नाची होती, म्हणून ते एकोणतीस वर्षांचे आले. आठवणी मात्र पुऱ्या बासष्ट वर्षांच्या होत्या. रोझलिनबाई सत्तावन्नच्या. त्यांनी आजोबांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे स्टँडवर नोटिशीची प्रत बघून ओळख पटवावी लागली.

"तू माझ्यापेक्षा मोठी दिसतंस गो," इनास म्हणाले.

"होय आजो. चला, जेवण तयार आसा."

रोझलिनबाई तीस वर्षं गावातल्या तान्ह्या बाळांना आंघोळ घालत होत्या. पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर घ्यायचं, तेल, मग पाणी. त्यांच्या हातून गेलेली मुलं आता बँकेत आणि तहसीलदार कचेरीत होती. त्यांची स्वतःची मुलगी मेल्बा बारा वर्षांपूर्वी नोकरीला पलीकडे गेली आणि तिथेच संसार थाटून राहिली. तिच्याजवळ राहता यावं म्हणून रोझलिनबाईंनी अर्ज केला, त्याला अकरा वर्षं झाली होती. नियम असा होता की अर्ज प्रलंबित असेपर्यंत व्हिसा मिळत नाही आणि अर्ज मागे घेतला तर सहा वर्षं मिळत नाही. मेल्बा पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती.

कचेरीत मठकर नावाचे कारकून होते. त्यांनी इनास यांची सही घेतली आणि जुन्या रजिस्टरातल्या सहीशी ताडून पाहिली. जुळली.

"म्हणजे माझं काम झालं?" रोझलिनबाईंनी विचारलं.

"पूर्वज सिद्ध झाले. आता फाईल वर जाईल. पुढची तारीख चौदा महिन्यांनी."

"माझी मुलगी पुढच्या महिन्यात बाळंत होतेय, मठकर."

"अर्जात तसा रकाना नाही, बाई." मठकर मान खाली घालूनच बोलले. त्यांच्या दोन्ही मुलींना रोझलिनबाईंनीच आंघोळी घातल्या होत्या. उगाचच त्यांनी रजिस्टराचं पान उलटलं, मग पुन्हा मागे घेतलं. "यांचा जन्म आमच्याकडे नोंदलेला आहे. मृत्यू दिसत नाही."

"मी मेलंय तो हंयच, वेंगुर्ल्यात," इनास म्हणाले.

"तो इकडच्या दप्तरात असेल. आमच्याकडे आलेला नाही. म्हणजे तुमचं नागरिकत्व चालू आहे. पासपोर्ट हवा असेल तर दोन फोटो लागतील."

पासपोर्ट पंचवीस मिनिटांत मिळाला.

रोझलिनबाई आजोबांना घेऊन घरी आल्या. चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "मी अकरा वर्षां वाट बघतंय. तुमका पंचवीस मिन्टां लागली."

"माका मरान त्रेसष्ट वर्षां झाली, बाय."

हे खरं होतं. रोझलिनबाईंनी चहा ठेवला. कप पुढे करताना त्यांनी विचारलं, "आजो, तुमी जाशात मेल्बाकडे?"

"माका पोरांचा काय ठाऊक? मी बोटीवरचो खानसामो. तुझ्या बापाशीक मी पयल्यांदा बघलंय तेव्हा तो धावत होतो. माका बघून आवशीच्या मागे लपलो."

"मी शिकवतंय."

दुसऱ्या दिवशी रोझलिनबाईंनी बाजारातून मोठा दुधी आणला आणि त्याला साबण लावला. इनास न्हाणीत पाय लांब करून बसले. पहिल्या दिवशी दुधी तीनदा निसटला. चौथ्या वेळी रोझलिनबाईंनी त्यांचा हात धरून बोटं नीट बसवली. "मान हंय. आणि बोलत ऱ्हवा. पोराक आवाज लागता." आठवड्याभरात दुधी निसटायचा थांबला. पाणी कोपराने कसं तपासायचं, टाळूवर किती तेल जिरवायचं, हेही इनास शिकले. निघण्याच्या दिवशी रोझलिनबाईंनी त्यांच्या पेटीत खोबरेल तेलाची बाटली, अळीव आणि डिंक भरला आणि विमानतळावर सोडायला न जाता त्या मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

मेल्बाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिने फोनवर न्हाणीघर दाखवलं. इनास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फरशीवर बसले होते. बाळ त्यांच्या नडग्यांवर पालथं होतं आणि ते त्याच्याशी सारखं बोलत होते. रोझलिनबाईंना दिसलं की पाठीवर पाणी जरा वरूनच पडतंय. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाने जांभई दिली. त्या फोन आणखी जवळ धरून बघत राहिल्या.

पुढल्या आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. एक तारीख अचानक मोकळी झाल्याने श्रीमती फर्नांडिस यांच्या अर्जाची अंतिम सुनावणी येत्या सोमवारी ठेवली होती. पूर्वजाने समक्ष हजर राहावे, अन्यथा पुढील तारीख दोन वर्षांनंतरची मिळेल.

रोझलिनबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग टेबलाशी बसून स्वच्छ अक्षरात विनंती अर्ज लिहिला: तारीख पुढे ढकलावी. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पूर्वजांच्या हाताखाली तान्हं बाळ आहे, तूर्त येऊ शकत नाहीत.'

मठकरांनी तो अर्ज त्याच दिवशी मंजूर केला.