वरच्या मजल्याचं शिफारसपत्र

फोटोत पाववाल्यांचे डोळे पुन्हा मिटलेलेच आले.

"अहो, घर भाड्याने मागायचंय," बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "हा फोटो बघून मालकाला वाटेल, ह्या माणसाला घर कशाला, कोपऱ्यात खाट टाकून दिली तरी पुरे."

"उघडे होते गं," पाववाले म्हणाले. "माझे उघडे म्हणजे आता एवढेच."

फोटोवाल्याने तर केव्हाच हात टेकले होते. त्याने दिवा जवळ आणून पाहिला, टाळ्या वाजवून पाहिल्या, शेवटी "साहेब, तुमच्या मागे कुत्रा आहे" असंही ओरडून पाहिलं. पाववाल्यांनी मान वळवली, पण डोळे काही उघडले नाहीत.

त्यांचा तरी काय दोष! एका बेकरीत ते भट्टीवर कामाला. दुनिया साखरझोपेत असताना हे घराबाहेर पडायचे आणि दुपारी घरी येऊन दोन घास खाऊन आडवे व्हायचे. ती दुपार म्हणजे त्यांची रात्र. आणि नेमकं उशीला डोकं टेकलं की वरून सुरू व्हायचं, धप! धप! धप! वरच्या मजल्यावर एका शाळेतले निवृत्त कसरतीचे मास्तर राहायचे. म्हातारा एकटा, तब्येत दणकट, दुपार झाली की दोरीवरच्या उड्या मारायचा. पाववाल्यांनी झाडूचा दांडा छताला ठोकला की वरून चार उड्या जास्तीच्या पडायच्या. दोन्ही मजल्यांमध्ये दीड वर्ष जो काही संवाद झाला तो एवढाच. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघेही भिंतीवरचा रंग बघत जायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर पाववाल्यांनी सोसलंही असतं. पण मागच्या महिन्यात झोपेच्या तारेत त्यांनी कणकेत दोनदा मीठ घातलं. अख्खी भट्टी खारट! बेकरीच्या मालकाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं ना, तर उद्यापासून घरीच झोपा." घरी झोपता आलं असतं तर हे झालं असतं का, असं पाववाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. घर बदललं नाही तर झोप नाही, आणि झोप नाही तर नोकरीही नाही, एवढं त्यांना मिटल्या डोळ्यांनीही स्पष्ट दिसत होतं.

पण घर मिळावं कसं? एकेका घरामागे माणसांची ही रांग! पहिलं घर बघायला गेले तेव्हा रांग जिन्यातच अडली होती. पुढच्यांनी घर पाहिलं, ह्यांनी पुढच्यांच्या पाठी पाहिल्या आणि तेवढ्यात घर गेलंसुद्धा.

"घर बघत काय बसता!" एजंट म्हणाला. हा एजंट सदान्‌कदा घाईत असायचा. बोलतानाही त्याचा एक पाय जिन्याच्या पायरीवर असे. "हल्ली फाइल बघून घर देतात. फाइल कशी पाहिजे? हातात घेतल्यावर मनगट दुखलं पाहिजे."

मग बायकोने पदर खोचला. पगाराच्या चिठ्ठ्या झाल्या, बँकेचे कागद झाले, सध्याच्या घरमालकाचं पत्र झालं. बेकरीच्या मालकाचं पत्र आणायला पाववाल्यांना पाठवलं, तर मालकाने लिहून दिलं, 'हा माणूस भट्टीसमोर उभा असताना बहुतेक वेळा जागा असतो.'

"ते 'बहुतेक वेळा' काढून आणा आधी," बायको म्हणाली.

पाववाले परत गेले. मालकाने पेन घेऊन ते दोन शब्द असे काही खोडले, की पत्रात दुसरं काही दिसेचना. एजंट म्हणाला, खाडाखोड चालत नाही. पाववाले पुन्हा गेले. मालक वैतागून म्हणाला, "अहो, पत्रं लिहायला बसलो तर पाव कोण विकणार? तुम्ही लिहा, मी सही ठोकतो." तेवढ्या खेपांत पाववाल्यांची राहिलेली झोपही गेली.

शेवटी 'आमच्याविषयी थोडेसे' नावाचा एक कागद होता. त्यात छंद लिहायचे होते.

"छंद?" बायकोने पेन सरसावत विचारलं.

"झोप," पाववाले म्हणाले.

"अहो, छंद विचारतेय. आवडीचं काहीतरी."

"तेच सांगतोय ना!"

बायकोने 'वाचन' असं लिहून टाकलं आणि फाइल एजंटपुढे धरली. एजंटने ती हातावर तोलून पाहिली, मान डोलावली आणि मग हळूच म्हणाला, "सगळं झकास. फक्त शेजाऱ्याचं पत्र राहिलं."

"शेजाऱ्याचं?"

"एक घर आहे. मालकीणबाई वयस्कर आहेत, स्वतः तिथेच राहतात. त्यांचं म्हणणं, जुना घरमालक ब्याद टळावी म्हणून खोटं लिहितो, नोकरीवरच्या माणसाला घरातलं काय माहीत? माणूस कसा आहे ते भिंतीला भिंत नाहीतर छताला छत लागलेल्यालाच ठाऊक. अशा शेजाऱ्याचं पत्र नसेल तर त्या फाइल उघडतसुद्धा नाहीत."

पाववाल्यांच्या घराखाली कुलूपबंद गोदाम होतं. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला रस्ता. छत तेवढं एकाच माणसाशी लागलेलं होतं.

"मी नाही जाणार," पाववाले म्हणाले.

"मग बसा मीठ घालत दोनदोनदा," बायको म्हणाली.

गेले बिचारे. हातात ताजा पाव, चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेलं हसू. मास्तरांनी दार उघडलं ते कमरेवर हात ठेवूनच. भांडणाची पूर्ण तयारी.

"मास्तर, जरा काम होतं. आम्ही घर बदलतोय, तर शेजारी म्हणून तुमचं एक पत्र हवं होतं. चार शब्द चांगले…"

"घर बदलताय?" मास्तरांचा चेहरा असा उजळला की पाववाल्यांना एकदम अवघडल्यासारखं झालं. "या या, आत या! बसा. पत्र ना? देतो की! मात्र मलाही तुमचं एक लागेल. मीही घर बघतोय."

"तुम्ही? का बुवा?"

"आहेत काही कारणं," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

कुठलं घर ते दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. न जाणो, समोरच्याने खो घातला तर!

खाली आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे चमकले. "अहो, तेच जाणार असतील तर आपण कशाला जायचं?"

"त्यांना घर मिळालं तर जातील ना! एकट्या म्हाताऱ्याला कोण देतंय घर?"

"मग मिळालंच पाहिजे असं पत्र लिहा. हात आखडू नका."

पाववाल्यांनी आयुष्यात एवढं मन लावून काही लिहिलं नव्हतं. 'मास्तर म्हणजे देवमाणूस,' त्यांनी लिहिलं. 'आम्ही त्यांच्या खालीच राहतो, पण त्यांच्या पावलांचा आवाजसुद्धा आजवर आमच्या कानावर आलेला नाही.' बायको म्हणाली, अजून थोडं घाला. मग त्यांनी घातलं, 'ते घरात आहेत की नाहीत हे बघायला कधी कधी काळजीने वर जावं लागतं. असा शेजारी सोडून जाताना आमच्या डोळ्यांत पाणी येईल.'

संध्याकाळी मास्तरांचं पत्र दाराखालून आत आलं. बायकोने मोठ्याने वाचलं. "'हे कुटुंब इतकं शांत आहे, की त्यांच्या घरात घड्याळ आहे की नाही हेही मला अद्याप कळलेलं नाही. सख्ख्या भावासारखी माया लावली.'" तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "अहो, हे आपल्याबद्दलच आहे ना?"

"घड्याळाचं काय मधेच?" पाववाले म्हणाले. पण पत्र झकास होतं. त्यांनी ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

आणि काय सांगावं, घर मिळालं! एजंटचा फोन आला तेव्हा बायकोने आनंदाने पाववाल्यांना गदागदा हलवून उठवलं. जुन्या घरमालकाने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घराला नवा भाडेकरू ठरवलासुद्धा. नव्या घरी दोन वर्षांचा करार झाला. मधेच सोडलं तर अनामत बुडणार. सोडतोय कोण! पाववाल्यांनी डोळे मिटूनच सही केली.

सामान टेम्पोतून उतरलं. पाववाले गादी डोक्यावर घेऊन जिना चढायला लागले, तेवढ्यात समोरून कुणीतरी खाली आलं. गादीखालून आधी पांढरे बूट दिसले, मग हातातली दोरी दिसली.

"तुम्ही?" मास्तर ओरडले.

"तुम्ही?" पाववाल्यांच्या हातून गादी सुटली ती थेट खालच्या दारापर्यंत घरंगळत गेली.

"झाली का भेट?" वरून मालकीणबाईंचा आवाज आला. कठड्यावर वाकून त्या नुसत्या कौतुकाने बघत होत्या. "मी एजंटला बजावलंच होतं, दोघांनाही आधी सांगायचं नाही! अहो, इतकी वर्षं फाइली वाचतेय मी. कुणी लिहितं, बरे आहेत. कुणी लिहितं, भांडत नाहीत. पण दोन शेजारी एकमेकांबद्दल असं लिहितात? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नशिबाने घरंही दोन रिकामी होती, वरखाली. म्हटलं, ह्यांची ताटातूट करायची नाही. तुम्ही खाली, मास्तर वर, माझ्या समोरच्या दारात. अगदी पहिल्यासारखं!"

मास्तरांनी दोरी पाठीमागे लपवली.

"आणि ते बघा." बाईंनी जिन्यातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. दोन्ही पत्रं फ्रेम करून शेजारी शेजारी लावलेली होती. "पुढच्या भाडेकरूंनाही कळू दे, शेजार म्हणजे काय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाववाले नव्या घरात आडवे झाले. बायकोने पडदे ओढले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात वरून आलं, धप! धप! धप!

बायको झाडू घेऊन धावली. पाववाल्यांनी तिचा हात धरला. "थांब! बाई ऐकतील. काय सांगणार आहेस त्यांना? पावलांचा आवाजसुद्धा येत नाही असं माझ्याच सहीचं पत्र जिन्यात टांगलंय!"

तणतणत तेच वर गेले. मास्तरांनी दार उघडलं, आणि त्याच वेळी समोरचं दारही उघडलं. मालकीणबाई भाजी निवडायला दारातच येऊन बसल्या.

"काय मास्तर!" पाववाले तोंडभर हसून म्हणाले आणि मास्तरांच्या गळ्यात हात टाकून त्यांच्या कानात पुटपुटले, "माझा जीव घ्यायचा ठरवलाय का तुम्ही?"

"या या, गजरवाले!" मास्तर मोठ्याने म्हणाले आणि मग हळूच, "जीव तुम्ही माझा घेताय. पहाटेच्या आधी गजर. एक नाही, तीन तीन! इथे आल्यावर तरी सुटेन म्हटलं, तर तुम्ही हजर."

"दुपारी तुमच्या उड्यांनी झोप होत नाही, म्हणून तीन लावावे लागतात!"

"आणि तुमच्या गजरांनी माझी पहाटेची झोप मोडते, म्हणून मी सकाळी उशिरा उठतो, म्हणून व्यायाम दुपारवर जातो!"

हे सगळं दोघेही हसत हसत, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत बोलत होते. मालकीणबाईंनी पदराने डोळे टिपले.

मग पाववाल्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी दोरीकडे पाहिलं.

"म्हणजे," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुमचा गजर झाला की मी उठलोच, आणि तेव्हाच व्यायाम उरकून घेतला तर?"

"मी तेव्हा बेकरीत असेन. दुपारी झोप झाली तर मला गजरही एकच पुरेल."

"हे आपण तिथेच बोललो असतो तर?"

"तर हा जास्तीचा भाड्याचा भुर्दंड, टेम्पो, फाइल, फोटो… जाऊ द्या मास्तर. नका बोलू." पाववाल्यांना रडावं की हसावं कळेना. दीड वर्ष झाडूने छत ठोकण्यापेक्षा दहा पायऱ्या चढलो असतो तर, ह्या विचाराने त्यांचं डोकंच सणकलं. पण त्या दुपारी ते असे झोपले, की संध्याकाळी बायकोने श्वास चालू आहे ना ते नाकाशी बोट धरून पाहिलं.

त्यानंतर पाववाल्यांचे दिवस पालटले. पाव असे फुगायला लागले की बेकरीच्या मालकाने गिऱ्हाइकांसमोर त्यांची पाठ थोपटली. जिन्यातून जाता-येता त्यांना ती फ्रेम बघून आता खरंच मास्तरांबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी ते शीळ घालत घरी आले. बायको टेबलापाशी बसली होती. समोर ती जाडजूड फाइल.

"जेवायला वाढतेस ना?"

"घ्या तुमचं तुम्ही. आमटीत मीठ दोनदा पडलंय."

पाववाल्यांची शीळ थांबली. "काय झालं?"

"तुम्ही पहाटे दार ओढून जाता ना? त्यानंतर माझ्या डोक्यावर काय सुरू होतं, माहितीये? तुम्हा दोघांचं गळ्यात गळे घालून ठरलं. मी त्या वेळी कुठे असते, हे आलं का कुणाच्या डोक्यात? मास्तरांना विचारलं तर म्हणतात, वहिनी, तुमच्या यजमानांशी बोलूनच करतोय."

"अगं, मी सांगतो त्यांना, दुपारी…" म्हणता म्हणता पाववाल्यांची जीभ अडखळली. दुपारी म्हणजे कधी, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"काही सांगू नका. घर शोधा. अनामत गेली खड्ड्यात. शेजाऱ्याचं पत्र जिन्यात लावलेलंच आहे, ते तेवढं काढून आणा."

"आणि फोटो?"

बायकोने एक पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. पाववाल्यांनी फोटो बाहेर काढला, उजेडात धरला.

"अगं, ह्यात तुझे डोळे मिटलेत."

"उघडे होते," बायको म्हणाली. "माझे उघडे म्हणजे आता एवढेच."