न आटणारं पाणी आणि सात नंबरचा फॉर्म

शेलारतात्यांच्या जगात पाणी कधीच संपत नाही. तरी तिथं एक बादली पाणी हवं असेल तर आधी अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर होतो, मग पाळी लागते, आणि आपल्या पाळीला आपण हजर नसलो तर पाळी जाते. माझ्या आजवर तीन गेल्या आहेत.

हे जग मोबाइलमधलं आहे. ठोकळ्याठोकळ्यांचा तो गेम तुम्ही पाहिला असेल. डोंगर चौकोनी, गाय चौकोनी, आकाशातला सूर्यही चौकोनी. झाडं तोडायची, दगड फोडायचे, घर बांधायचं आणि अंधार पडला की येणाऱ्या भुताखेतांपासून जीव वाचवायचा. श्रीगोंद्यात हा गेम खेळणारी पोरं पुष्कळ असतील. पण पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मोबाइलशेजारी उघडी वही, असा खेळाडू एकच आहे आणि तो माझा शेजारी आहे.

मी पोस्टात काउंटरला बसते, त्यामुळे विक्षिप्त माणसांचा मला तोटा नाही. पण तात्यांची सर कुणालाच नाही. सारी नोकरी त्यांनी पाटकरी म्हणून केली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेताला पाळीनं वाटून देणारा माणूस. खिशात गेटची किल्ली, सायकलच्या कॅरियरला वही, आणि चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, कडेकडेनं दिवसभर फेऱ्या. शेतकरी त्यांना चहाही पाजत आणि शिव्याही देत. तात्या दोन्ही सारख्याच शांतपणे घेत.

रिटायर झाले तरी तोंडातला प्रश्न गेला नाही : "टेलला पोचलं का?" टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. लग्नात पंगत बसली की तात्या शेवटच्या पानापाशी जाऊन उभे राहतात. वाढप्यानं वरून सुरुवात केली की तिथूनच ओरडतात, "आरं, टेलकडनं धर! वरची लोकं काय पळून चाल्ली का?" एका लग्नात त्यांच्यामुळे नवरदेवाच्या मामाला जिलबी सगळ्यांत शेवटी मिळाली आणि मामा रुसून गाडीत जाऊन बसले. तात्यांच्या घरी चहाचा पहिला कप मला मिळतो, कारण मी दाराशी, म्हणजे टेलला बसते. मी कितीही आत सरकले तरी काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, कप घेऊन आधी दाराशी जातात आणि मग मला शोधतात.

दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर खाटेवर. बाथरूममधला नळ टपकला तरी ते आतून काकूंना हाका मारायचे. तेव्हा त्यांची भाची मनीषा पुण्याहून भेटायला आली. ती तिकडे नोकरीला आहे. मामीचे हाल बघून तिनं स्वतःचा आवडता गेम मामाच्या मोबाइलमध्ये टाकला.

"मामा, दोन बाय दोनचा खड्डा करा. आता ह्या कोपऱ्यात एक बादली ओता, समोरच्या कोपऱ्यात दुसरी. झालं? आता काढा पाणी."

तात्यांनी एक बादली काढली. खड्डा भरलेलाच. दुसरी काढली. भरलेलाच.

"पाझर कुठनं हाय ह्येला?"

"पाझर नाही मामा. हे संपतच नाही."

"आसं न्हाई हुत," तात्या म्हणाले.

मनीषा पुण्याला गेली आणि तात्या दोन दिवस बादल्या काढत बसले. दर बादलीला वहीत एक रेघ. काकू ताट घेऊन उभ्या राहिल्या की म्हणायचे, "थांब, आटतंय का बघू दे." नाही आटलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. गुप्तधन सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"ताई, दोन बादल्या. फकस्त दोन! एवढी धरनं बांधली, एवढे कालवे काढले, जल्मभर लोकांची भांडनं सोडवली. आन हितं दोन बादल्यांत काम!"

दुसरा कुणी असता तर त्यानं त्या पाण्यात मनसोक्त डुंबून घेतलं असतं. तात्यांनी त्याला कुंपण घातलं, गेट बसवलं आणि सात नंबरचा फॉर्म सुरू केला. कालव्याचं पाणी मागायचा सरकारी अर्ज तो सात नंबरचा. गेममध्ये लाकडी पाटीवर चार ओळी लिहिता येतात; त्यात नाव, पीक, क्षेत्र आणि सही बसवायची. आता प्रश्न आला की अर्ज करणार कोण? तात्यांनी खिडकीतून हाक मारली, "ताई, तुमी घ्या की ह्यो गेम. लाभधारक न्हाई तर पाटकरी कसला?" अशा रीतीनं चाळिशी उलटलेली मी, रोज संध्याकाळी भाजी निवडायची सोडून, तात्यांच्या लाभक्षेत्रात दाखल झाले.

पाण्यानंतर त्यांना परत परत येणाऱ्या गोष्टींचं वेडच लागलं. मनीषा फोनवरून शिकवायची आणि हे वहीत नकाशा काढायचे. त्यातलं दगडाचं यंत्र मोठं गमतीचं. एका बाजूनं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूनं तापलेला लाव्हा. दोघांची गाठ पडते तिथं दगड तयार होतो. तो फोडला की त्या जागी लगेच दुसरा हजर. खाण एवढीशी, पण जन्मभर संपत नाही. लाव्ह्याला तात्या काकवी म्हणतात. गुऱ्हाळातल्या कढईत रटरटते तशीच दिसते म्हणे. पहिल्या खेपेला पाणी थेट काकवीच्या उगमावर गेलं आणि सगळ्याचा काळाकुट्ट, फोडूनही न फुटणारा धोंडा झाला. "गूळ झाला," तात्या म्हणाले, "पर करपला."

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाणी सांभाळलं आणि काकवी सुटली. ती लागून असलेल्या माझ्या लाकडी घरापर्यंत आली आणि घर पेटलं. मी बादली घेऊन झऱ्याकडे धावले, तर गेटमध्ये तात्या उभे.

"अर्ज?"

"तात्या, घर जळतंय माझं! तुमच्याच काकवीनं!"

"चूक माझी हाय, मान्य. पर चुकीचा आन पाळीचा काय संबंध?"

मी घाईघाईनं पाटी लिहिली. ती नामंजूर झाली, कारण मी पिकाच्या ओळीत 'आग' लिहिलं होतं. आग हे पीक नाही. माझं घर जळून काळं झाल्यावर तात्यांनी आपल्या यंत्रातून दगड काढकाढून मला नवं पक्कं घर बांधून दिलं, दोन खोल्यांच्या जागी चार खोल्यांचं. पाणी मात्र पुढच्या पाळीलाच मिळालं.

मग ऊस आला. त्या गेममध्ये पाण्याच्या कडेला ऊस लावायचा, बूड ठेवून वरचं कापायचं, की तो परत वाढतो. आमच्याकडे याला खोडवा म्हणतात, आणि खोडवा दोन-तीन वर्षं घेतला की रान दमतं. तात्यांनी मनीषाला विचारलं, "ह्येचा खोडवा किती वर्सं चालतो?" ती म्हणाली, कायमचा. तात्यांनी ही बातमी चौकातल्या हॉटेलात नेली. टोळी लागत नाही, कोयता लागत नाही, खत लागत नाही, ऊस आपला येतोच आहे. तिथं बसलेल्या बागायतदारांनी त्या दिवशी त्यांच्या गुडघ्याबरोबर डोक्याचीही चौकशी केली.

लोखंडाचं यंत्र तेवढं त्यांनी केलं नाही. त्याची रीत अशी, की गेममधल्या गावकऱ्यांना भुताचा धाक दाखवायचा. ते घाबरले की त्यांच्या रक्षणाला एक लोखंडी पैलवान उभा राहतो. त्याला लाव्ह्यात ढकललं की लोखंड मिळतं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मिटली. "जो राखायला आला त्येलाच बुडवायचं? आपल्याला न्हाई पटत. आपलं लाकडी फावडं बरं हाय."

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. सरूआक्का म्हणजे मनीषाची आई, तात्यांची थोरली बहीण. लहानपणी तात्या, म्हणजे आक्कांचा दसरथ, त्यांच्या कडेवर वाढले. आक्कांचं रान तात्यांच्याच चारीवर, अगदी टेलला. तिथं त्यांची अर्ध्या एकराची लिंबोणीची बाग होती. एका दुष्काळी साली पाणी वरच्या रानांपासून देत देत खाली येत होतं आणि धरणच तळाला गेल्यामुळे मधेच गेट बंद करायचा हुकूम आला. आक्कांची पाळी दुसऱ्या दिवशी होती. आक्का गेटवर आल्या. अर्धा तास सोड म्हणाल्या. किल्ली तात्यांच्या खिशात होती. तात्या म्हणाले, "आक्का, गेट बंद झालं." बाग वाळली. पंचेचाळीस झाडं.

तेव्हापासून आक्का तात्यांशी बोलत नाहीत. हे सगळं मला काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता. तात्यांचं ते टेलचं वेड मला तेव्हा कळलं आणि पंगतीतल्या त्यांच्या आरड्याओरड्याला आपण किती हसलो ते आठवून वाईट वाटलं.

आक्कांनी बोलणं टाकलं, पण भाऊबीज कधी चुकवली नाही. दर दिवाळीला येतात, पाट मांडतात, ओवाळतात. बोलणं सगळं काकूंमार्फत. तात्या हातभर अंतरावर समोर बसलेले असताना आक्का काकूंना सांगतात, "त्याला म्हनावं, मान खाली घाल, टिळा लावायचाय." तात्या मान खाली घालून काकूंनाच सांगतात, "तिला म्हनावं, गुडघा आता बरा हाय." आक्का म्हणतात, "मी इचारलंय का म्हनावं." काकू बिचाऱ्या दोघांकडे आळीपाळीनं बघत उभ्या. निघताना मात्र डब्यातले तात्यांच्या आवडीचे तिळाचे लाडू आक्का न बोलता कपाटावर ठेवून जातात.

यंदा पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी गेममध्ये मी माझ्या पाळीची वाट बघत होते. वेळ जाईना म्हणून तात्यांनी खणलेल्या चारीच्या कडेनं चालायला लागले. ती चारी किती लांब असावी! डोंगर ओलांडला, माळ ओलांडला, तरी पाणी आपलं शेजारून वाहतंय. अगदी शेवटी एक रान लागलं. दोन खोल्यांचं घर, विहीर, गोठा आणि ओळीत लावलेली झाडं. मी मोजली. पंचेचाळीस होती. प्रत्येकाच्या बुंध्यापर्यंत दगडी दंड बांधून, म्हणजे छोटे पाट काढून, पाणी आणलेलं. रानाच्या डोक्याला दुसरा दोन बाय दोनचा झरा होता. त्याला कुंपण नव्हतं, गेट नव्हतं.

मी मोबाइल तसाच हातात घेऊन तात्यांकडे गेले. ते ओट्यावर चष्मा पुसत बसले होते. आणि मी नको तेच बोलले.

"तात्या, ह्या गेममध्ये झाडांना पाणी लागतच नाही. नुसती लावली तरी वाढतात."

"ठावं हाय. मनीनं पयल्याच दिवशी सांगितलं."

"मग?"

"झाडाला लागत न्हाई ताई. मला द्यायचंय."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. आतून काकूंनी चहा आणला.

"आक्काला दावावं म्हन्तो," ते थोड्या वेळानं म्हणाले. "पर ती म्हनंल, खरी बाग वाळवली आन आता मोबाइलात लावतो. लई बोलंल." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बोलली तर बरंच हाय म्हना."

भाऊबीजेला मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा ओवाळणं नुकतंच झालं होतं. मनीषा आईबरोबर आली होती. तिनं मामाचा मोबाइल उचलला, ते रान उघडलं आणि सरळ खुर्चीवर बसलेल्या आक्कांच्या मांडीवर ठेवला.

"मने, ठिव त्यो खाली," तात्या म्हणाले. चारीवर कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसासमोर न हललेला हा गडी. पाटावर बसल्या बसल्या ते टोपी काढत होते आणि घालत होते.

"आई, आपलं रान आहे. मामांनी बांधलंय. वर्षभर लागले होते."

आक्कांनी मोबाइल हातभर लांब धरला. मनीषा अंगठ्यानं त्यांना रानातून फिरवत होती. विहीर झाली, घर झालं, झाडांच्या ओळी सुरू झाल्या. आक्कांचे ओठ हलायला लागले. त्या झाडं मोजत होत्या. शेवटी तात्यांनाच राहवलं नाही. ते काकूंना म्हणाले, "तिला म्हनावं, पंचेचाळीस हायती."

काकूंनी तोंड उघडलं, पण आक्का थांबल्या नाहीत.

"गोठा चुकलाय," त्या म्हणाल्या. "दसरथा, आपला गोठा उगवतीला हुता. मावळतीला कुनी घातला ह्यो?"

काकू सवयीनं निरोप पोचवायला तात्यांकडे वळल्या आणि मधेच थबकल्या. निरोप पोचवायचा राहिलाच नव्हता.

"चुकलं, आक्का," तात्या म्हणाले. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, "चुकलं माझं."

आक्कांनी पदर सावरला. मग पाटाशेजारी जमिनीवर बसल्या आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "पाड त्यो. आन इहिरीपास्नं चार पावलं सोड. म्हशीला वळायला जागा नको व्हय?"

तात्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि एकेक ठोकळा फोडायला लागले. आक्का बोट लावून लावून सांगत होत्या, आनखी हिकडं, आनखी हिकडं. मी ताट कपाटावर ठेवलं आणि काकूंबरोबर चहा टाकायला आत गेले.